बदलीचा नंबर

मास्तरांनी आपल्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "महिनाअखेरीला काम बंद करतोय. माझ्याकडे येणारी सात माणसं उरलीत, ती तुम्ही दोघींनी वाटून घ्या."

बाईंनी चष्मा काढून हातात धरला. धाकटी खिडकीपाशी बसली होती, ती नुसती किल्लीकडे बघत राहिली.

तिघंही आपापलं काम करणारे समुपदेशक. वर साहेब नाही, मागे संस्था नाही. म्हणून गेली सहा वर्षं दर दुसऱ्या बुधवारी दुपारी चारला ते बाईंच्या खोलीत जमत. एकमेकांचे कान धरायला, आणि वेळ पडली तर पाठीवर हात ठेवायला. नियम दोनच होते. येणाऱ्या माणसाचं नाव इथं घ्यायचं नाही, आणि आपली चूक इथं लपवायची नाही.

मास्तरांची चूक पाच महिन्यांपूर्वीची होती. लेकीला बाळ झालं म्हणून ते चार दिवस परगावी गेले होते आणि फोन बंद ठेवला होता. अशा वेळी अडलंनडलं तर धाकटी असायची. मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. तिथं बदलीचे शिक्षक असत, तसा धाकटीचा हा 'बदलीचा नंबर'. निघण्याआधी ते तो प्रत्येकाला देत.

तिसऱ्या दिवशी, दीड वर्ष त्यांच्याकडे येणाऱ्या एका सव्वीस वर्षांच्या मुलीनं जीव दिला.

परतल्यावर मास्तरांनी धाकटीला पहिला प्रश्न केला, "तिचा फोन आला होता?"

"नाही," धाकटी म्हणाली.

म्हणजे नंबर द्यायलाच आपण विसरलो. आजोबा झाल्याच्या आनंदात आपल्याला भान राहिलं नाही. मास्तरांनी त्या शेवटच्या भेटीचं मिनिट न् मिनिट आठवून पाहिलं. नंबर दिल्याचं काही केल्या आठवेना. गणित सोपं होतं, आणि कसंही सोडवलं तरी उत्तर तेच येत होतं.

तेव्हापासून धाकटीनंच त्यांना सावरलं होतं. सकाळी फोन करायची. दुपारी डबा घेऊन यायची आणि चार घास पोटात जाईपर्यंत समोरून हलायची नाही. "तुमची चूक नाही, मास्तर," हे तिनं इतक्या वेळा सांगितलं होतं, की शेवटी मास्तरांनीच तिला हात जोडले होते, "आता हे बोलू नकोस, बाळ." त्या पाच महिन्यांत ती स्वतः अर्धी झाली होती.

"काम बंद करून काय साधणार?" बाईंनी विचारलं.

"निदान माझ्या हातून आणखी कुणी जाणार नाही." मास्तरांनी किल्ली बाईंकडे सरकवली. "आणि बंद करण्याआधी त्या मुलीच्या वडिलांना भेटायचंय. मी नंबर दिला नव्हता, हे त्यांना सांगायचंय."

"अजिबात नको," बाई म्हणाल्या. "तुमच्या छातीवरचा दगड काढून त्या माणसाच्या छातीवर ठेवणार? त्याला आधीच काय कमी आहे?"

"मग हे आपण नियम कशाला केले, बाई?"

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"जाऊ द्या त्यांना," खिडकीकडून आवाज आला. धाकटी उठून उभी राहिली होती. "मास्तर, तुम्ही जाच. उद्याच जा."

"तू येतेस बरोबर?"

"नाही. मला नाही जमणार." तिनं पर्स उचलली आणि त्यांच्याकडे न बघता ती बाहेर पडली.

"माझ्यापायी पोर पार खचलीय," मास्तर बाईंना म्हणाले.

मुलीच्या वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी मास्तर पोचले तेव्हा ते एका मशीनला तेल घालत होते. त्यांनी ओळखलं, फडक्याला हात पुसले आणि स्टूल पुढं केलं.

मास्तर बसले नाहीत. रात्रभर घोकलेलं वाक्य त्यांनी एका दमात म्हणून टाकलं. "मी नसताना कुणाला फोन करायचा तो नंबर तिला द्यायला मी विसरलो. दिला असता तर ती आज असती."

वडील त्यांच्याकडे बघत राहिले. "विसरलात कुठं? दिला होतात की."

"नाही, मी..."

"अहो, माझ्यासमोर लावला तिनं. इथंच बसून. त्या धाकट्या ताईंनी उचललासुद्धा. म्हणाल्या, आत्ता समोर कुणीतरी बसलंय, तासाभरात मी करते. त्या दिवशी त्यांच्यामागं एकामागून एक माणसं होती. राहून गेलं त्यांच्याकडून." वडिलांनी फडक्याची घडी केली, मोडली. "दोन तासांनीही पोर शांत बसली होती. मला वाटलं, बरं वाटतंय तिला. मी गिऱ्हाइकाकडे मशीन पोचवायला गेलो. आता चूक कुणाकुणाची म्हणायची?"

मास्तर स्टुलावर बसले. "राहून गेलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्या ताईनंच. आठवड्याच्या आत दारात येऊन उभी राहिली, सगळं सांगितलं. माझ्या बायकोनं तोंडावर दार लावलं, तरी ती पुन्हा आली. आता दर रविवारी येते, हिच्या शेजारी बसते. हिचंही तिच्याशिवाय पान हलत नाही." वडिलांनी चमकून मास्तरांकडे पाहिलं. "असे काय बघताय? तुम्हाला ठाऊकच आहे की हे. ती म्हणाली ना, सगळ्यांत आधी मास्तरांपाशीच कबूल केलं, त्यांनी पोटात घेतलं, म्हणूनच आमच्या दारात यायचं बळ आलं."