सालीत बांधलेला मोती

तुमचा कुणाचा विश्वास बसणार नाही, पण नाताळची भेट माझ्याइतकी झकास, तीही फुकटात, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या अख्ख्या ब्रूम गावात कुणी बांधली नाही. दुकानातला चकचकीत कागद हवाय कशाला? ओढ्याकाठच्या पेपरबार्क झाडाची मऊ साल सोलायची, घडी घालायची आणि वरून वेल आवळायची. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला डेल्मासाठी मी असंच पुडकं बांधलं. आत लिंबाएवढा मोती! त्या वर्षी मोती काढायच्या आमच्या बोटी कामाविना किनाऱ्यालाच बसून होत्या, म्हणून मी एकट्यानं बुडी मारून शार्कच्या दाढेतून तो उपसून आणला होता. सासरेबुवा आणि चारही मेव्हणे पुडक्यावर डोळे लावून बसलेले. पण आमच्याकडे मासाही याच सालीत गुंडाळून भाजतात ना! डेल्मानं माशांच्या पुडक्यांबरोबर माझंही उचललं आणि निखाऱ्यांत सारलं. मोत्याचा पार चुना झाला. त्या चुन्यात सासरेबुवांची सगळी भिंत रंगवून झाली, आणि ते मात्र हळहळत राहिले, "बिचाऱ्या जावयानं किती हौसेनं आणला होता!"

हे ऐकून नातवंडं खिदळली. शेजारी निखाऱ्यांवरचा मासा उलटवत डेल्मा म्हणाली, "खोटं! साफ खोटं, म्हाताऱ्या. निखाऱ्यांत टाकण्याआधी मी ते कानाशी धरून हलवलं होतं. आत काहीच नव्हतं. बाबांसमोर उघडू देणार होते का मी ते?"