कोटाचे खांदे

शिंपीमास्तरांनी लढाईच्या वेळचा जुना कोट जनरलसाहेबांच्या अंगात चढवला आणि मागे सरून पाहिलं. कोट तेवढा उभा होता, आत माणूस आहे की नाही अशी शंका यावी. खांदे दंडावर उतरलेले. बाह्यांतून नुसती बोटांची टोकं बाहेर. अख्ख्या शहराने डोक्यावर घेतलेला हा माणूस, आणि त्याची मान कॉलरमध्ये बरणीतल्या पळीसारखी हलत होती.

"दोन्ही बाजूंनी आत घ्या, मास्तर," जनरलसाहेब म्हणाले. "माझ्या आजच्या मापाचा करा. उद्या मला असंच उभं राहायचंय."

उद्या चौकात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण होतं. हरलेल्या माणसाचा पुतळा! नदीपलीकडची टेकडी गेली, टेकडीवरची पोरं गेली, लढाई गेली, आणि जनरलसाहेब मात्र घराघरांतल्या भिंतींवर जाऊन बसले. शाळेतली मुलं त्यांची गाणी म्हणायची. ज्याने ती लढाई जिंकली त्याचं नाव विचारा, त्याच्या स्वतःच्या गावातही कुणी धड सांगणार नाही.

मास्तरांना या सगळ्याचा मनापासून तिटकारा होता. त्यांचा एकुलता एक मुलगा त्याच टेकडीवर गेला होता. तसा त्यांच्या घरातही साहेबांचा फोटो होताच, मुलाच्या फोटोशेजारी, बायकोने लावलेला. रोज सकाळी ती दोन्ही काचा एकाच फडक्याने पुसायची. मास्तर त्या भिंतीकडे पाठ करून चहा प्यायचे. भोळी आहे बिचारी, असं मनात म्हणायचे. लढाईच्या दिवशी संध्याकाळी ती घरी नव्हती. कुठे होती, ते त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. या माणसाला मात्र एकदा तोंडावर विचारायचं, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

आणि आज तो आपल्या पायांनी दुकानात आला होता. पडद्याआड आतल्या खोलीत बायको शिवत बसली होती. तिच्या मशीनचा आवाज एकसारखा येत होता.

मास्तरांनी ओठांत धरलेल्या टाचण्या काढल्या. "साहेब, आमच्या पोरांना मागे का नाही घेतलंत?"

साहेब रागावले नाहीत. आरशातूनच त्यांच्याकडे बघत म्हणाले, "घेता आलं असतं. नदीवरचा पूल संध्याकाळपर्यंत मोकळा होता. मला माघारीची लाज वाटली, बस्स. माझ्या हट्टापायी मेली तुमची पोरं. उद्या पुतळ्यापुढे हेच सांगणार आहे. फार वर्षं फुकटच्या मानावर जगलो."

हे ऐकलं की छातीवरचा धोंडा उतरेल, असं मास्तरांना इतकी वर्षं वाटत होतं. कसलं काय! पायांखालची जमीनच सरकली. उद्या बायको पहिल्या रांगेत बसणार. ठेवणीतले कपडे कालच काढून ठेवलेत तिने. आणि हा माणूस माईकवरून सांगणार की बाई, तुमचा मुलगा उगाच गेला. भिंतीवरचा एक फोटो उतरला तर दुसऱ्याकडे तिला बघवेल का?

"हळू बोला," मास्तर पुटपुटले.

पण साहेबांचा उभा जन्म मैदानावर हुकूम देण्यात गेलेला. "हळू का? गुन्हा माझाच आहे!"

मास्तर धडपडत आपल्या मशीनवर बसले आणि कापड नसतानाच जोरजोरात पाय मारायला लागले. सुई नुसतीच वरखाली, दुकानभर खडखडाट. "उद्या काही बोलायचं नाही, साहेब. हात जोडतो. नुसतं उभं राहायचं."

"पण मास्तर, ते खोटं आहे."

"असू द्या. आमची पोरं त्याच्यावरच उभी आहेत."

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी कोटाची बटणं काढायला हात लावला, पण मास्तर उठून आडवे आले. टाचण्या त्यांनी डबीत टाकल्या. कोट आता आत घ्यायचा नव्हता. त्यांनी साहेबांच्या अंगावरच खांद्याचं अस्तर उसवलं आणि आत कापूस भरायला घेतला. या माणसाची गचांडी धरायची म्हणून किती रात्री तळमळले होते ते! आता त्याच्याच खांद्यात कापूस भरत होते. होता होता आरशात फोटोतला माणूस दिसायला लागला.

तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, आतलं मशीन बंद होतं. कधीपासून, कोण जाणे. पडदा सरकवून बायको दारात उभी होती.

ती जनरलसाहेबांकडे बघत होती. आवाज अगदी रोजचा होता.

"पूल मोकळा होता ते ठाऊक आहे, साहेब. त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या आया अलीकडच्या टोकाला वाट बघत उभ्या होतो."

मग ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, डावा खांदा अजून उतरतोय. थोडा कापूस घाला."