दोन्ही बाजू सारख्या

बाथरूममधला नळ सुरू होता तोवरच उरकायचं होतं. भार्गवीनं कडेवरच्या इराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, मोकळ्या हातानं माऊस धरला आणि गाण्याच्या डाव्या बाजूचा आवाज नेहमीएवढा खाली ओढला. ऐकून बघायला सवड नव्हती. हाताला आता माप बसलं होतं. फाईल मुंबईला गेली आणि नळ बंद झाला.

"पाठवलीस का गं?" श्रीपादनं आतूनच विचारलं.

"हाव, गेली!" ती जरा मोठ्यानंच म्हणाली.

विष्णुपुरीच्या कॉलेजात असताना श्रीपादनं रचलेल्या एका गाण्यावर अर्ध्या नांदेडच्या वराती नाचल्या होत्या. त्या जोरावर मालिकांची गाणी मिळाली. मग एकेक मालिका बंद पडत गेली. आता हातात ही एकच उरली होती, आणि तिचंही पहिलं गाणं चॅनेलकडून परत आलं होतं. डावीकडचा आवाज अंगावर येतो म्हणे. श्रीपादनं स्पीकरला शिव्या घातल्या. उजव्या कुशीवर झोपला की इरा रडून लाल झाली तरी याला जाग येत नाही, हे भार्गवी कधीपासून बघत होती. पण ज्याचं सगळं पोटपाणीच कानावर, त्याला हे सांगायचं कसं? हा माणूस पेटीला पुन्हा हात लावणार नाही, या धास्तीनं ती गुपचूप गाणी सावरायला लागली. सावरलेली गाणी पास झाली.

संध्याकाळी चॅनेलच्या आलोकचा फोन आला. श्रीपादनं तो स्पीकरवर टाकला.

"श्रीपादजी, आता उजवीकडे कललंय हो. वरची माणसं वैतागली. मालिका दुसऱ्याला दिली. माफ करा."

"अहो, आत्ता करून देतो, ऐका तर..."

फोन बंद झाला होता. भार्गवी श्रीपादच्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली.

"शक्यच न्हाई," तो समोरच्या पडद्याकडे बघत म्हणाला. "या खेपेला कानावर भरोसा ठेवलाच न्हाई मी. लातूरला लग्नाला म्हणून गेलतो ना? कानाच्या डॉक्टरकडं गेलतो. डावा कान गेलाय, भार्गवी. तुला कुठल्या तोंडानं सांगू? लेकरू शिंकलं तरी तुझा जीव वरखाली होऊन राहतो. म्हणून या गाण्याला पडद्यावरचे आवाजाचे काटे बघून, निस्त्या डोळ्यानं दोन्ही बाजू सारख्या केल्या. तंतोतंत. मग बिघडवलं कुणी?"

भार्गवी हळूच म्हणाली, "मी."

त्यानं मान वळवली नाही. ती त्याच्या डाव्या अंगाला उभी होती.