निरोपाचा दोरा

"लाओसला ये, इथे पहाटही शांत असते," या मित्राच्या पत्राला इंग्रज एडगरने वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. थायलंडमधल्या चियांग माईत थाई बायको वारल्यावर त्याच्यापाशी उरले होते देवळाचे कर्णे, कोंबडे आणि बहिरी सासू. बॅग भरून तो तिच्यापुढे बसला. "आई, लाओसला निघालो, कायमचा." ती रडली नाही. तिने पांढरा सुती दोरा त्याच्या मनगटाला बांधला. सुटलो, असं त्याला वाटलं. "निरोपाचा ना?" त्याने ओरडून विचारलं. "निरोपाचा कसला, जावईबापू! जीव भरकटू नये म्हणून बांधतात. तुमचा जीव या घराला बांधलाय. तुम्ही जा खुशाल. तो राहील, माझ्या कोंबड्यांना दाणे घालायला." बसस्थानकावर त्याने गाठ दाताने ओढली, तशी ती आणखी घट्ट झाली. त्याने उत्तर लिहिलं, "येत नाही. गाठ सुटत नाही," आणि बांधल्या हाताने टपालपेटीत टाकलं.