कामाची वाटणी

बाळासाठी घरी राहणारी बाई काही टिकेना. पहिली दुसऱ्याच दिवशी पिशवी भरून दारात उभी राहिली.

"ताई, आधीच एक बाई ठेवलीय, मग मला कशाला बोलावलंत?"

"दुसरी कुणीच नाही," आई म्हणाली.

"मग मी बाळापाशी जाईपर्यंत लंगोट बदललेला असतो, बाटली धुतलेली असते. ते कोण करतं?"

आईला वाटलं, कामाचा कंटाळा. पण नंतर आलेलीही हेच सांगून फणकाऱ्यानं गेली.

तिसरी मात्र रुळली. आईचा जीव भांड्यात पडला. एका सकाळी कामावर निघताना तिनं सहज विचारलं, "इथं काही त्रास नाही ना?"

"छे हो. आम्ही कामं वाटून घेतलीत," दुपट्यांच्या घड्या घालत बाई म्हणाली.

आईनं पाळण्यातून बाळाला उचललं. ते अंग ताठ करून रडू लागलं. बाईनं उठून त्याला अलगद काढून घेतलं आणि खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपाशी नेलं. ते लगेच शांत झालं.

"रागावू नका ताई," बाई खुर्चीकडे बघत हलक्या आवाजात म्हणाली. "पण ती सारखी विचारतेय, ही अधूनमधून येते ती बाई कोण?"