हजेरीतली रजा

२०२३ साल. श्रीवर्धनच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्यात शिमग्याच्या पालखीच्या दिवशी सकाळची हजेरी चालू होती.

धुमाळसाहेब ठाण्याचे प्रमुख झाल्यापासून अडीनडीची रजा त्यांच्याकडे मागायची नसे. मागणाऱ्याने पुढे यायचं, साहेबांकडे पाठ करायची आणि रांगेला विचारायचं, माझी ड्यूटी कोण करील? कोणी हात वर केला तर रजा.

"सर, वडील अलिबागला ॲडमिट आहेत," शिपाई रितेश म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, बघून जा."

"मला काय सांगतोस? त्यांना सांग."

रितेश वळला. समोरच हवालदार सगुणाबाई होत्या. नवा होता तेव्हा खोली मिळेपर्यंत तो त्यांच्याच घरी जेवला होता.

"ताई, देवळापुढं नुसतं उभं ऱ्हायचं हाय," तो हळूच म्हणाला.

उभं राहायचं त्यांना काही वाटलं नसतं. पण मागच्या खेपेला शिपाई विनेशने असा हात वर केला, तर साहेबांनी त्याची स्वतःची मंजूर रजा रद्द केली. म्हणाले, "दोघांचं काम ओढायचा दम आहे, मग तुला विश्रांती कशाला?"

सगुणाबाईंचा हात मांडीपासून जरासा सुटला.

"काय सगुणाबाई," साहेबांनी विचारलं, "तुमच्या लेकीची, तेजस्वीची हळद कधी म्हणालात?"

"पुढच्या महिन्यात, सर." हात मांडीला चिकटला.

रांगेत कोणी हललं नाही. साहेबांनी रितेशच्या खांद्यावर थोपटलं. "बघ. मी नाही म्हटलेलं नाही."

पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसत होती तेव्हा रितेशला अलिबागहून फोन आला. ढोलांत त्याला नीट ऐकू आलं नाही, दोनदा विचारावं लागलं.

धुमाळसाहेबांविरुद्ध ठाण्यातून कधीच तक्रार गेली नाही. त्यांना बढती मिळाली. हाताखालची माणसं कशी सांभाळावीत हे ते आता नव्या अधिकाऱ्यांना शिकवतात. विनेश बदली मागून न्हावा शेव्याकडे गेला. तेजस्वीची हळद दणक्यात झाली. रितेश आला, पंगतीत वाढायलाही उभा राहिला. सगुणाबाई तेवढ्या वेळ आत जाऊन बसल्या. वर्षभरात त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली.

रितेश तिथेच आहे. नव्या साहेबांनी ती पद्धत बंद केली. तरी हजेरीत कोणी रजेचा विषय काढला की रितेश मुकाट्याने हात वर करतो. मागणारा बहुधा त्या दिवशीच्या रांगेतलाच असतो. मग त्याला रजा नको असते.