मागाचा खड्डा

खड्डा बुजवायला आणलेली खडी दारात पडली होती, आणि अप्पासाहेब खड्ड्यात पाय सोडून बसले होते.

वडगावातलं घर ते केवढं. पुढची खोली, मागची खोली, संपलं. पुढच्या खोलीचा निम्मा भाग हातमागाच्या खड्ड्यानं खाल्लेला. त्याच्या काठावर बसून, आत पायांनी पावड्या दाबत अप्पासाहेबांनी जन्मभर साड्या विणल्या. शेजारी भिंतीला टेकून अंबूबाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. नवऱ्याचा हात पुढं आला की त्यावर भरलेली कांडी ठेवायची. मान वर करायचीही गरज नसायची. पुढं माग विकला आणि खड्ड्यावर फळ्या पडल्या. पण त्यांवर कुणी पाय ठेवायचा नाही, असा अप्पासाहेबांचा दंडक. दर खंडेनवमीला तिथं हळदकुंकू वाहायचं.

अंबूबाई हाडाची सुगरण. आळीत लग्न निघालं की मांडे तिनंच करायचे. दोन्ही हातांवर झेलत मांडा असा पसरायची की पलीकडचं माणूस दिसावं. आणि आता गुडघे गेले. खाली बसलं तर उठता येईना, ओट्याशी उभं राहिलं की कळा सुरू. उंच स्टुलावर बसवून पाहिलं, तर पाय लोंबकळून सुजले. शेवटी घरात डबा सुरू झाला. डब्यातली आमटी बघून बाई तोंड फिरवायची. "आता हे हात कशाला ठेवल्यात देवानं," असं एकदा लेकीपुढं म्हणाली.

लेक मंजुश्री बेळगावात लोकांची स्वयंपाकघरं आखून देते. तिनं झटून आराखडा काढला. खड्डा बुजवायचा, उजेडात बुटका ओटा घालायचा, पुढ्यात खुर्ची. सगळं जमत होतं. फक्त ओटा आणि कपाटं आली की हात पसरायला जागा उरत नव्हती. म्हणजे मांडे गेले. हे तिनं आईला अजून सांगितलं नव्हतं.

"अप्पा, काल तुमीच व्हय म्हणलासा," ती म्हणाली. "गवंडी फळ्या काढून थांबलाय."

अप्पासाहेबांनी बसल्या जागी डावा हात लांब केला, मग उजवा, मागावर धोटा फेकल्यासारखा. पुन्हा एकदा केला. मग म्हणाले, "परात आण."

परात आली. ती त्यांनी उजव्या हाताला ठेवली. शेगडी मागितली, ती समोर फरशीवर मांडली. मिठामिरचीचे डबे डावीकडं लावले. गवंडी नागेंद्र फावडं टेकून बघत राहिला. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, हे त्याच्या तोंडावर साफ दिसत होतं. मंजुश्रीलाही वाटलं, मागाची माया सुटेना, आता हे रडणार.

अप्पासाहेब बाहेर आले, धोतर झटकलं. "अंबू, ये. बस हितं."

अंबूबाई घुटमळली. या घरात ती जागा नवऱ्याची. पण त्यांनी खांदा पुढं केला होता. त्यावर भार टाकून ती काठावर टेकली आणि पाय आत सोडले. तळव्यांना खालची गार जमीन लागली. गुडघे दुमडले, पण कळ आली नाही. तिनं हात पुढं केला, शेगडी होती. उजवीकडं परात, डावीकडं डबे. अवघी फरशी तिचा ओटा झाली होती. मग तिचे रिकामे हात आपसूक वर उठले आणि नसलेला मांडा पसरू लागले. लांब, आणखी लांब. कुठंच अडेनात.

लहानपणापासून मंजुश्री या खड्ड्याला वळसा घालून चालत आली होती. त्याच्यात आईची जागा तयार होऊन पडली असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिनं आराखड्याची घडी घातली आणि टेप काढली.

"आई, हात तसंच ठेव," ती म्हणाली. "मापं घेते."

"उतरायला आत एक पायरी काढतो. धराय दांडा बसवतो," नागेंद्र देवळात बोलावं तसा हळू बोलला. "खडी न्हेतो परत."

अप्पासाहेबांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते भिंतीशी, चरख्याच्या जुन्या जागेवर जाऊन बसले. बसून बसून तिथली फरशी गुळगुळीत झाली होती. मेथीची पेंडी त्यांनी पुढ्यात ओढली आणि निवडायला घेतली.

"जलमभर मी नुसता हात पुढं करायचो, आन् तू देत हुतीस," ते म्हणाले. "आता तू हात कर."